बिनआवाजाचा सामना

१

चोरी सापडली ती चार सेकंदांत.

रविवारच्या क्रिकेट सामन्याचं चोरून चाललेलं प्रक्षेपण आमच्या पुण्याच्या ऑफिसात कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत होतं. पाच वाजून दोन मिनिटांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बारा आकडी नंबर झळकला आणि गेला. केबलच्या प्रत्येक डब्याला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, असा नंबर असतो. वाहिनीवाले तो अधूनमधून पडद्यावर उमटवतात, कुठेही आणि कधीही. घरी बसून बघणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण तेच चित्र कोणी मोबाइलवरून गावभर वाटत असेल, तर कोणाच्या डब्यातून ते गळतंय हे त्या नंबरावरून कळतं. म्हणून चोर तो झाकतात. चित्र काही सेकंद उशिरा सोडायचं आणि नंबर दिसला की त्यावर काळी पट्टी ओढायची. त्यासाठी माणूस सतत जागेवर बसलेला लागतो. या चोराने सात महिने एकदाही चूक केली नव्हती, रविवारी मात्र पट्टी आलीच नाही.

नंबर निघाला लोणार तालुक्यातल्या बीबी गावचा. कागदावर नाव होतं नूरबी शेख, वय एकाहत्तर.

मी सुचिता तायडे, राहणार खामगाव. असे चोर शोधून देणाऱ्या एका कंपनीची मी या भागातली माणूस. तेरा वर्षं हेच करतेय. संशय हा आधी धंदा होता, आता स्वभाव झालाय. माझा नवरा म्हणतो, ही बाई देवळात गेली तरी प्रसादाची पावती मागेल.

"मॅडम, आज संध्याकाळी सहाला तक्रार ठाण्यात गेली पाहिजे," पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले. "नंबर आहे, नाव आहे. अजून काय हवंय?"

"एकाहत्तर वर्षांची बाई आहे, साहेब."

"नातू असेल घरात."

"आणि नसेल तर?"

"तर सहाच्या आत मला खरा माणूस आणि खरा डबा दाखवा. नाहीतर तिचंच नाव टाका."

पुण्यात बसून तो नंबर बंद करता आला असता. पण बंद केला की चोर सावध होणार, डबा विहिरीत जाणार आणि कागदावर म्हातारीचं नाव तेवढं उरणार. म्हणून मी साहेबांना म्हटलं, नंबर चालू ठेवा. त्याच दिवशी, गुरुवारी, सकाळी दहा वाजता मी बीबीच्या स्टँडवर एसटीतून उतरले.

२

अब्दुल गनी हे गावचे केबलवाले. स्टँडसमोर चपलांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. साठीचा भला माणूस, पण नोंदवही उघडली आणि मला घेरीच आली. कोणाच्या नावावर काय खोडलंय, कोणाचं पान कुठे चिकटलंय, काही पत्ता नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते हेच.

"तुमच्या मशीनची गलती झाली असंल मॅडम," ते म्हणाले. "नूरबी खालाले फोनवरचं हिरवं बटण कोणतं अन् लाल कोणतं, ते समजत नाही. ती कायचं इंटरनेट चालवते?"

"घरात कोणी पोरंसोरं?"

"कोणीच नाही. दोन पोरी, दोन्ही सासरी." एवढं बोलून ते एकदम थांबले आणि खुर्चीत सावरून बसले. "मॅडम, उद्या त तिच्या घरी पोलीस येऊन राह्यला."

"काऊन?"

"पासपोर्टच्या चौकशीले. उमराहले जाऊन राह्यली ती, मक्केले. बहिणीच्या जमातीसंगं. नवरा होता तवा जमलं नाही, पोरींचे लग्न होते तवा जमलं नाही. आता कुठं जमलं. तिच्या नावावर केस झाली त पासपोर्ट भेटीन काय?"

गुन्हा एकदा कागदावर आला की तो खरा की खोटा हे ठरायला चार-पाच वर्षं लागतात, हे मला माहीत होतं. नूरबीजवळ तेवढी वर्षं नव्हती.

"खालाचं नाव निघालं हे कोणालेच सांगू नका," मी बजावलं. "तिलेही नाही."

डब्याची तपासणी आहे असं सांगून मी नूरबीच्या घरी गेले. छोटीशी बाई, पाय सुजलेले, डोळे मात्र चमकत होते. चहा ठेवल्यावाचून तिने मला डब्याला हात लावू दिला नाही. चहा होईस्तोवर तिने पासपोर्टसाठी काढलेले फोटो दाखवले.

"हे पाह, बेटा. पूनमनं काढले. तीन वेळा काढले तिनं, मी दर खेपी डोळे मिटून घेऊन राह्यली होती. समदे कागद त्याच पोरीनं भरले. एक पैसा घेतला नाही."

पूनम म्हणजे गावात ऑनलाइन कामांचं केंद्र चालवणारी बाई, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं आणि टीव्हीखालचा डबा उलटा केला. खाली चिकटवलेला नंबर वाचला, मग माझ्या वहीतला वाचला, मग पुन्हा डब्यावरचा वाचला.

नूरबीच्या घरातला डबा नूरबीचा नव्हता.

३

"वीज पडली होती मागच्या वर्षी," अब्दुल गनी कपाळाला हात लावून म्हणाले. "चार डबे बिघडले होते. आसिमनं चारी डबे लोणारले दुरुस्तीले नेले, अन् आणून ज्याचे त्याले देले."

"ज्याचे त्याले नाही देले. हातात येईल तो देला."

चार डबे, चार घरं. नूरबी. भागवत, सोयाबीनचा खरेदीदार. पूनम, ती केंद्रवाली. आणि चौथा खुद्द आसिम, गनीभाईंचा लाइनमन. नूरबीकडे निघालेला डबा नोंदवहीप्रमाणे भागवतचा होता. म्हणजे नूरबीचा डबा उरलेल्या तिघांपैकी एकाकडे होता, आणि ज्याच्याकडे तो असेल तो चोर. गणित सोपं होतं. सोपं गणित दिसलं की मला घाम फुटतो, कारण माणसं गणिताप्रमाणे वागत नाहीत.

आसिम अठ्ठावीस-तीसचा, केस मागे वळवलेले, खिशात दोन मोबाइल. तारा, डबे, इंटरनेट सगळं त्याच्या हातातलं. चोर घडवायचा म्हटला तर तो असाच घडवावा लागेल.

"तुझा डबा दाखव."

त्याने घरून डबा आणला. खालची नंबरची पट्टी खरवडून निघालेली.

"हे कोणं खरवडलं?"

"विजेनं जळली असंल, मॅडम."

"वीज नखानं खरवडते काय? चल, टीव्हीले लावून पाहू. पडद्यावर नंबर येते."

"माहा टीव्ही दुरुस्तीले गेला, अन् नंबर कवा झळकते त्याचा नेम नाही."

"रविवारी दुपारी कुठं होता?"

"घरीच. बीमार होतो."

अब्दुल गनींनीही मान डोलावली. रविवारी आसिमची तब्येत बरी नव्हती म्हणून त्यांनीच त्याला सुट्टी दिली होती. मी जिना उतरून खाली आले आणि चपलांच्या दुकानदाराला सहज विचारलं, आसिमची तब्येत आता कशी आहे. तो हसला.

"कोण बीमार? रविवारी त मस्त इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून, लोणारच्या गाडीत बसला. मीच पायलं."

४

आसिमला हिसका दाखवायचा की आधी उरलेली दोन घरं बघायची? मी घरं निवडली. खोटं बोलणारा माणूस पळून जात नाही, तो दुसरं खोटं तयार करत बसतो.

भागवत आणि पूनम एकाच गल्लीत राहत होते, समोरासमोर. कुंभार गल्ली म्हणतात तिला. नऊ घरं, मधे हातपंप. भागवतच्या शेजारच्या घरी बाया बसायला आल्या होत्या. पदर डोक्यावरून घेऊन एकेक जण आत जात होती. मी त्यांच्या मधून वाट काढली आणि भागवतचं दार वाजवलं.

भागवत पन्नाशीचा, अंगाने दणकट. दाढी वाढलेली, पायांत काही नाही. दार त्याने हातभर उघडलं आणि मधे उभा राहिला.

"केबलवाल्यांकडून आली मी भाऊ. डबा पाह्याचा होता."

"आज नाही."

"दोन मिनिटांचं काम हाय."

"घरात येऊ नका, बाई. आठ दिवसांनी या."

त्याच्या खांद्यावरून मला आतली भिंत दिसली. भलामोठा टीव्ही, त्याच्यावर चादर टाकलेली. शेजारी इंटरनेटच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. चादरीखाली काय काय असेल याचा मी विचार करत होते तोवर त्याने दार लावून घेतलं. लपवायला काही नसलेला माणूस दार लावत नाही, असं मी मनात पक्कं केलं.

पूनमचं दार सताड उघडं होतं. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं केंद्र, एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर टीव्ही. तिशीची बाई, बोलण्यात मोकळी. नवरा सागर ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर.

"आमचा डबा तुम्हाले भेटायचा नाही, ताई," ती म्हणाली. "मागंच बंद पडला. भंगारवाल्याले देऊन टाकला."

"भिंतीवर टीव्ही त हाय."

"तो असाच हाय. पाह्याले टाइम कोणाले भेटते?"

एका म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उठत नव्हता. ती त्याची बोटं ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा लावत होती, आणि जराही चिडत नव्हती. प्रिंटरशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक रिमोट पडला होता. मी पाहिला आणि वहीत लिहिला. पण खरं सांगायचं तर माझं मन समोरच्या दारात अडकलं होतं, चादरीखाली.

बाहेर आले तर साहेबांचा फोन. "मॅडम, रविवारची पूर्ण रेकॉर्डिंग पाठवतोय. त्यात आणखी एक गंमत आहे. बघा."

५

गंमत अशी होती की रविवारच्या सामन्याला आवाज नव्हता.

ऑफिसच्या बाकावर बसून मी मोबाइलवर ती रेकॉर्डिंग पाहिली. साडेतीनला सामना सुरू झाला तेव्हा आवाज ठणठणीत होता. चार वाजून दहा मिनिटांनी आवाज गेला. खेळाडू धावतायत, लोक उड्या मारतायत, सगळं मुक्यानं. सहा वाजून पाच मिनिटांनी आवाज परत आला. साहेबांनी ग्रुपवरचे मेसेजही पाठवले होते; चोराच्या चार हजार गिऱ्हाइकांचा तो ग्रुप नुसता खवळला होता. 'आवाज काऊन नाही बे', 'अ‍ॅडमिन झोपला काय', आणि त्यापुढे मी लिहू नये अशा शिव्या. चार वाजून बारा मिनिटांनी चोराने एकच ओळ टाकली होती: 'आज आवाज भेटणार नाही. पाह्याचं त पाहा.' त्यानंतर दोन तास चोराकडून एक अक्षर नाही. आणि त्याच दोन तासांत तो नंबर बिनपट्टीचा झळकून गेला होता.

मी आसिमला वर बोलावलं आणि आधी लोणारचं काढलं. तो पांढराफटक पडला.

"मॅडम, गनीचाचाले सांगू नका. पोरगी पाह्याले गेल्तो. जमलं नाही त गावभर हसू होते, म्हणून बीमार सांगतलं."

"अन् डब्याची पट्टी?"

"भाचीनं खरवडली. ती समदंच खरवडते, माहं लायसनबी खरवडलं."

लायसन त्याने काढून दाखवलं. फोटोतल्या त्याला एकच डोळा उरला होता. लोणारच्या त्या मुलीच्या मामाचा नंबरही त्याने दिला, मी फोन लावला. मामा म्हणाला, पोरगा दुपारी तीनपासून सातपर्यंत त्याच्याच घरी बसलेला होता.

"मग हे सांग," मी रेकॉर्डिंग पुढे केली. "आवाज कायनं गेला? तार खराब होती?"

आसिमने दोनदा मागेपुढे करून पाहिलं. आता तो लाइनमन झाला, पोरगी बघणारा राहिला नाही.

"तार खराब राह्यली असती त चित्रबी फाटलं असतं. चित्र त काचेसारखं हाय. हे डब्याच्या रिमोटनं केलं. डब्यावर आवाज बंद केला की टीव्हीचाबी जाते अन् मोबाइलवर जाणाराबी जाते. कोणीतरी हातानं केलं हे, मॅडम. जाणून."

जाणून. चार हजार गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन, ऐन सामन्यात. चोर स्वतःच्या धंद्यावर असा दगड का मारून घेईल?

घड्याळात साडेचार वाजले होते.

६

काही सुचत नव्हतं. म्हणून मी पुन्हा नूरबीकडे गेले. खरं कारण वेगळंच होतं. सहा वाजता मी तिचं नाव लिहिणार होते, आणि ती उद्या चहा ठेवून पोलिसाची वाट बघणार होती. निदान तोंड तरी दाखवावं, एवढंच मनात होतं. मला स्वतःचाच राग येत होता.

नूरबी भिंतीला टेकून बसली होती. सकाळची चमक डोळ्यांत नव्हती.

"पाय दुखून राह्यले काय, खाला?"

"पाय त रोजचेच, बेटा. चांगुणाची याद आली." तिने पाय जवळ ओढून घेतले. "पन्नास वर्षं एका पंपावर पाणी भरलं आमी. मी आधी कुंभार गल्लीतच राहत होती. मी उमराहले जाईन त तिच्यासाठी खजूर आणायचं ठरलं होतं. रविवारी गेली."

"रविवारी कवा?"

"चार नुकते वाजले होते, अजानले अजून टाइम होता. खबर आली, मी तशीच निघाली. चांगली माणसं हायत त्या गल्लीतली. एका घरात चूल पेटली नाही, की एका घरातून टीव्हीचा आवाज आला नाही. चौकात लोक सामना पाहून वरडून राह्यले होते, अन् गल्लीत कसं चुपचाप. पुतण्यानं समदं केलं तिचं. भागवतनं."

"नेलं कवा तिले?"

"पावणेसहाले गल्लीच्या बाहेर निघाली ती."

मी हातातला कप खाली ठेवला. खामगावात जन्म काढलेली बाई मी. दारात मयत झाली की टीव्ही बंद, चूल बंद, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? भागवतच्या शेजारी बाया कशाला बसायला आल्या होत्या? त्याची दाढी, त्याचे अनवाणी पाय, टीव्हीवरची चादर, 'घरात येऊ नका'. सुतकातला माणूस दारात उभा होता आणि मी त्याला चोर समजून बसले होते. संशयाची सवय लागली की माणसाला समोरचं दुःखही पुरावा वाटतं. मला लाज वाटली, खूप.

मग लाज बाजूला सारून मी वेळा जुळवल्या, आणि त्या जुळल्या तेव्हा मला आनंद झाला नाही.

७

पूनम केंद्र बंद करत होती. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

"रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी सामन्याचा आवाज बंद झाला," मी म्हटलं. "समोर चांगुणाबाई गेल्या तवाच. पूर्ण गाव सामना पाहून वरडून राह्यलं होतं, टीव्ही फक्त या गल्लीत गप झाले. म्हणजे चोर या गल्लीतला."

"गल्लीत नऊ घरं हायत," ती म्हणाली. कुलूप तिच्या हातातच होतं.

"त्या चार डब्यांपैकी दोन या गल्लीत. भागवतचा अन् तुझा. भागवत पुतण्या. त्याच्या घरात तेरा दिवस टीव्ही लागत नाही, आजबी चादर हाय त्याच्यावर. पण चोरानं त्याच दिवशी आवाज परत चालू केला. म्हणजे तो भाऊबंदातला नाही, निव्वळ शेजारी. अन् भागवत त त्या टाइमले स्मशानात होता."

तिने कुलूप टेबलावर ठेवलं.

"पावणेसहाले मयत गल्लीबाहेर गेली. आवाज आला सहा वाजून पाच मिनिटांनी. गल्लीतले झाडून सारे माणसं मयतीसंगं गेले होते. मागं राह्यल्या बाया. मधातले वीस मिनिटं काय झालं ते मी सांगतो तुले, पूनम. मयतीच्या घरून आलेली बाई आंघोळ केल्याबिगर कशालेच हात लावत नाही. तू दीड तास चांगुणाबाईपाशी बसून होती. म्हणून ग्रुपवर तुयं उत्तर नव्हतं, म्हणून नंबरवर पट्टी नव्हती. घरी आली, आंघोळ केली, मग रिमोट उचलला. हाच तो, प्रिंटरजवळचा. भंगारात गेलेल्या डब्याचा रिमोट कोणी पिशवीत जपून ठेवते काय?"

पूनम खुर्चीवर बसली.

"सागरसाठी सुरू केलं होतं, ताई," ती म्हणाली. "तो गाडीवर, त्याले सामने पाह्याचा भारी नाद. मग त्याचे जोडीदार मांगाले लागले, मग त्यांचे जोडीदार. इकडं केंद्रावर लोक येणं कमी झालं, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. मले वाटलं, टीव्ही त चालूच हाय, चार लोकांनी अजून पायलं त कोणाचं काय गेलं."

"मग रविवारी आवाज काऊन बंद केला? ग्रुप बंद करायचा होता, नाही त चालू ठेवायचा होता. तू नंबर उघडा सोडून गेली नसती त मी इथं आलीच नसती."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी काहीतरी अडाणी विचारलं.

"समोर माणूस मेलं, अन् मी टीव्ही वाजवत ठेवू काय? लोकांनी पैसे भरले होते, म्हणून चित्र ठेवलं. आवाज कसा ठेवू?"

मी वही उघडून बारा आकडी नंबर काढला.

"डबा दे," मी म्हटलं.

"कोणता डबा?" तिचा आवाज बदलला. ती उठून उभी राहिली. "तुम्ही हे समदं अंदाजानं बोलून राह्यल्या. डबा नाही माह्यापाशी. नंबर कोणाच्या नावावर हाय? माह्या नावावर हाय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ज्याच्या नावावर असंल त्याले पकडा."

पावणेसहा झाले होते. इतका वेळ दाबून ठेवलेली गोष्ट आता सांगण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. आसिमने डबे अदलाबदल केले होते, हे मी तिला सांगितलं. मग नाव सांगितलं.

"नूरबी शेख. सहा वाजता मी ते लिहून देणार हाय."

पूनमचा चेहरा बघवत नव्हता. तिने एकदा टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सगळ्यात वर नूरबीचे उद्याच्या चौकशीचे कागद होते, टाचणी लावून तयार. ती आतल्या खोलीत गेली. धान्याची कोठी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातांत डबा होता, ज्वारीच्या दाण्यांनी भरलेला. ओढणीने पुसून तिने तो माझ्यासमोर उलटा ठेवला. बारा आकडे बरोबर जुळले.

"लिहा माहं नाव," ती म्हणाली. "संगणक घेऊन जाल तुम्ही, त जरा थांबा. खालाच्या कागदाची एक प्रत कमी हाय. तेवढी काढून देतो."

प्रिंटर घरघरत राहिला आणि मी तोवर उभी राहिले.

८

सहाला पाच मिनिटं असताना मी साहेबांना डब्याचा फोटो आणि नाव पाठवलं. "शाबास मॅडम," ते म्हणाले. मी फोन ठेवून दिला. पूनमला उद्या सकाळी ठाण्यात जायचं होतं. सागर नागपूरहून निघाला होता.

नूरबीच्या कागदांचा गठ्ठा तिच्याकडे पोचवायचं काम माझ्यावर आलं, कारण पूनम म्हणाली, माह्यानं होत नाही. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. नूरबी दारातच उभी होती. अब्दुल गनी ओट्यावर मान खाली घालून बसले होते. न सांगण्याचं वचन त्यांनी दिवसभर पाळलं होतं, सहा वाजल्यावर मात्र त्यांना राहवलं नसावं.

"माह्या नावानं झालं होतं ना हे?" नूरबीने विचारलं. "मग माहंच राहू द्याचं होतं. मी म्हातारी. ती पोरगी हाय."

"तिनं स्वतः लिहा म्हटलं, खाला. तुमचं जाणं अडू नये म्हणून."

नूरबी खाली बसली आणि रडली. मी तिच्याजवळ बसले. काय बोलायचं असतं ते मला येत नाही, मी माणसं पकडते, सांभाळत नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन उशीखालून एक शाळेची वही काढून आणली. उमराहला जाणाऱ्या माणसाजवळ गाव आपापली दुआ सोपवतं, तिथे गेल्यावर आमच्यासाठी हे मागा म्हणून. तीन पानं भरली होती. कोणाला मूल हवं, कोणाचा गुडघा बरा व्हावा, कोणाच्या बोअरला पाणी लागावं. हिंदूंचीही नावं होती, भागवतचंही होतं. अक्षर सगळं एकाच हाताचं, गोल आणि नीट.

"समदं पूनमनं लिहून देलं," नूरबी म्हणाली. "मी म्हटलं, तुयं काय मांगू? त म्हणे, माहं राहू द्या, खाला. मले काय कमी हाय." तिने वही माझ्यासमोर केली. "मले लिहिता येत नाही, बेटा. सगळ्यात वर तिचं नाव लिही."

"काय मांगायचं म्हणून लिहू?"

नूरबीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"तूच सांग. तिले कायची गरज पडणार हाय, ते तुले माहीत."

मला माहीत होतं. ठाणं, वकील, तारखा, केंद्राचा परवाना रद्द होणं, सगळं एकेक करून माहीत होतं, कारण ते मीच सुरू करून दिलं होतं. मी पहिल्या ओळीच्या वर, समासात, पूनमचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं की ती लवकर सुटावी. नूरबीने विचारलं काय लिहिलं, मी वाचून दाखवलं. तिने मान डोलावली आणि वही उशीखाली ठेवली.

खामगावची शेवटची गाडी गेली होती. त्या रात्री मी नूरबीकडेच राहिले, आणि सकाळी पोलीस आला तेव्हा त्याला चहा मीच दिला.